चेकरच्या लेकीची शिष्यवृत्ती

बस डेपोत सगळे त्याला चेकर म्हणत, आणि निवृत्त झाल्यावरही ते नाव काही सुटलं नाही. मधल्याच थांब्यावर बसमध्ये चढायचं, खांबाला पाठ टेकून उभं राहायचं आणि तिकीट मागण्याआधी चेहरे वाचायचे, यात त्याची उमेदीची वर्षं गेली. बिनतिकीट माणूस खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघतो, असं तो सांगायचा. हळूहळू ही खोड घरातही शिरली. दूधवाला गोड बोलला की दुधात पाणी असणार. शेजाऱ्याने चहाला बोलावलं की त्याला शिडी हवी असणार. बायको म्हणायची, "अहो, उद्या देव भेटला तरी तुम्ही आधी त्याचा पास बघाल."

पण संशयाचं बी डेपोत पडलेलं नव्हतं. ते पेरलं होतं त्याच्या सख्ख्या मामाने. चेकर शाळेत हुशार होता. घरची परिस्थिती बेताची, म्हणून मामाने मोठ्या मनाने सांगितलं, पोराला माझ्याकडे पाठवा, त्याचं शिक्षण माझ्याकडे लागलं. पोरगं आनंदाने गेलं. दप्तर खुंटीवर लागलं ते लागलंच, आणि हा मामाच्या गोदामात पोती उचलायला लागला. घरी परत आला तेव्हा त्याच्या वर्गातली मुलं कुठल्या कुठे पुढे गेली होती. "मामानेच मला मामा बनवलं," असं तो विनोदाने सांगायचा. ऐकणारे हसायचे. बायको मात्र त्या वेळी विषय बदलायची.

अशा माणसाच्या लेकीला शिष्यवृत्ती मिळाली.

लेकीला रुग्णालयात एक्स-रे काढण्याचं शिक्षण घ्यायचं होतं. बाप माणसांच्या आरपार बघतो, लेकही त्याच वाटेने निघाली, अशी नातेवाइकांत थट्टा चालायची. ती संध्याकाळी धावतच घरी आली. चेकर बाल्कनीत नखं कापत बसला होता.

"बाबा, माझी निवड झाली! सगळी फी तेच भरणार!"

"तेच म्हणजे कोण?"

"चौकात चष्म्याचं दुकान आहे ना, ते. भाऊ आणि बहीण मिळून देतात, त्यांच्या आईवडिलांच्या नावाने. दर वर्षी गावातल्या एकाला."

"परत किती करायचे?"

"काहीच नाही."

"मग त्यांच्याकडे नोकरी करायची?"

"नाही हो, बाबा."

"त्यांना लग्नाचा मुलगा आहे का?"

लेकीने पायातली चप्पलही न काढता आत जाऊन दार आपटलं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "पोरीच्या तोंडचा घास काढू नका हं," एवढंच म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

चेकरला त्या रात्री जेवण गेलं नाही. शिक्षणाचा खर्च उचलतो, हे शब्द त्याने आयुष्यात एकदा ऐकले होते, आणि त्यांची किंमत त्याच्या पाठीला अजून ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी तो चष्म्याच्या दुकानात जाऊन बसला, डोळे तपासायला. चष्मेवाला हळू आवाजात बोलणारा, टक्कल पडलेला गृहस्थ होता. त्याच्या मागे भिंतीवर आईवडिलांचा फोटो होता.

"हे तुमचे आईवडील? बरंच काही मागे ठेवून गेले असतील," चेकर म्हणाला.

"खालची ओळ वाचा."

चेकरने खालची ओळ वाचली. तिच्या खालचीही वाचली. कोपऱ्यात बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"तुम्हाला चष्मा लागत नाही," चष्मेवाला म्हणाला. "आता काय विचारायचंय ते विचारा."

चेकर जरा गडबडला. "नाही, म्हटलं, या शिष्यवृत्तीच्या कामात तुमची बहीणही असते ना?"

चष्मेवाल्याचा हात पेटीवर थांबला. मग त्याने भिंगं एकेक करून पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि म्हणाला, "असते."

बहीण गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. वाचनालय सुटायच्या वेळेला चेकर समोरच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. बाई बाहेर पडल्या. सरळ रस्ता भावाच्या दुकानावरूनच जात होता, पण दुकान जवळ येताच त्यांनी रस्ता ओलांडला, पलीकडच्या फुटपाथने मान खाली घालून गेल्या आणि दुकान मागे पडल्यावर पुन्हा अलीकडे आल्या. चेकरने मनातल्या मनात टाळी वाजवली. पुढच्या थांब्यावर चेकर उभा दिसला की बिनतिकीट माणूस अलीकडेच उतरतो, तशातलीच ही गत.

"पाणी मुरतंय," त्याने घरी येऊन जाहीर केलं. "भाऊबहीण एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आणि म्हणे मिळून दान करतात! काळा पैसा असणार. वाटणीवरून फाटलं असणार. उद्या भांडं फुटलं की आपल्या पोरीचं नाव त्यात."

"तुम्ही विचारलंत त्यांना?" बायको म्हणाली.

"चोराला विचारतं का कुणी?"

"मग तुम्ही इतकी वर्षं बसमध्ये काय करत होता?"

चेकर नेलकटर शोधायला बाल्कनीत गेला.

निवड झालेल्या मुलाने अधूनमधून भावाबहिणीच्या आईवडिलांच्या जुन्या घरी यायचं, अभ्यास कसा चाललाय ते सांगायचं, एवढी एकच अट होती. चेकरच्या लेखी तीच मोठी खुटखुट होती. लेकीला पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा हा इस्त्रीचा सदरा घालून तिच्याबरोबर निघाला. लेक वाटभर विनवत होती, "बाबा, तुम्ही नुसतं बसा हं. प्लीज."

घर एका शांत गल्लीत होतं. मागच्या खोल्या भाड्याने दिलेल्या, पुढची एक खोली तेवढी ठेवलेली. तिथे एक फळा होता, बुटकी बाकं होती, आणि एका कपाटात लहान मुलांचे जुने चष्मे ओळीने मांडलेले होते. भाऊ दाराजवळच्या खुर्चीवर, बहीण खिडकीशी. लेकीने अभ्यासाचं सांगितलं. दोघांनीही मन लावून ऐकलं. मग चहा आला.

"त्यांना विचार, साखर किती," बाई लेकीला म्हणाल्या.

"सांग, साखर सोडलीये म्हणावं," चष्मेवाला लेकीलाच म्हणाला. दोघांमध्ये जेमतेम एका बाकाचं अंतर होतं.

चेकरने कप खाली ठेवला. लेकीने त्याचा सदरा मागून ओढला, पण उशीर झाला होता.

"माफ करा, पण मला सरळ विचारायची सवय आहे. तुम्ही दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाही. मग हा पैसा एकत्र कसा देता? आणि माझ्या पोरीला इथे कशाला बोलावता? यात आहे तरी काय?"

लेकीने तोंड ओंजळीत लपवलं. चष्मेवाला जमिनीकडे बघत राहिला. शेवटी बाईच म्हणाल्या, "तुमचा संशय बरोबर आहे. हे नुसतं दान नाही."

चेकर सावरून बसला.

"आमचे वडील शाळेतल्या मुलांना फुकट चष्मे करून द्यायचे आणि आई याच खोलीत त्यांची गणितं घ्यायची. आई आजारी पडली तेव्हा तिला हे घर सोडायचं नव्हतं. मी चार दिवस बाहेरगावी होते. तेवढ्यात यांनी तिला लांबच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. मी पोचेपर्यंत ती गेली होती. तेव्हापासून मी यांच्याशी बोलत नाही."

"ती वाचेल असं वाटलं होतं," चष्मेवाला म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्याचं त्यालाच माहीत.

"वडील होते तोवर आम्ही त्यांच्यासाठी इथे यायचो," बाई पुढे म्हणाल्या. "ते गेल्यावर घर विकायचं दोघांच्याही मनात नव्हतं, आणि राहायलाही कुणी तयार नव्हतं. घराच्या भाड्यातून एखाद्या मुलाला शिकवावं, एवढ्याच एका गोष्टीवर वाद झाला नाही. आई म्हणायची, खोलीत पोरं हवीत. आणि खरं सांगायचं तर, तुमच्या मुलीसारखी मुलं येतात म्हणून आम्ही दोघं इथे एकत्र बसतो. आमच्याकडे दुसरं निमित्त नाही."

पकडलेला माणूस एक तर आवाज चढवतो, नाही तर गयावया करतो. चेकरने आयुष्यभर हेच पाहिलं होतं. इथे यातलं काहीच झालं नाही, त्यामुळे पुढे काय करायचं ते त्याला कळेना. मामाच्या घरी खुंटीवर लटकलेलं दप्तर त्याला उगाचच आठवलं. त्याने कप उचलला आणि गार झालेला चहा एका दमात संपवला.

"पुढच्या वेळी मीही येईन," तो म्हणाला.

"कशाला?" बाईंनी विचारलं.

"लक्ष ठेवायला."

चष्मेवाला खुदकन हसला. बाईंनी चटकन खिडकीबाहेर बघितलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

चेकर खरंच जात राहिला. लेकीचं शिक्षण पार पडलं, ती दूरच्या शहरात एका रुग्णालयात लागली, तरी याच्या फेऱ्या चालूच. शेवटी भावाबहिणीने त्याला निवडीच्या कामातच ओढलं. अर्ज करणाऱ्याच्या घरी जाऊन परिस्थिती बघून यायची, हे काम त्याच्याइतकं चोख कोण करणार? तो लोकांच्या घरी पाणीही प्यायचा नाही, न जाणो नंतर भीड पडायची. परत आला की भाऊ काय म्हणतो ते बहिणीला आणि बहीण काय म्हणते ते भावाला सांगणं, हेही आता त्याच्याच गळ्यात पडलं होतं. लेक फोनवर म्हणायची, "बाबा, तुम्ही आता चेकरचे कंडक्टर झालात. इकडून तिकडे, तिकडून इकडे."

मग एका वर्षी चष्मेवाल्याच्याच डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायला मनाई केली. नेमके तेव्हाच अर्ज आले. काळा चष्मा लावून तो दाराजवळ बसला आणि चेकर अर्ज मोठ्याने वाचायला लागला. चेहरे सराईतपणे वाचणारा माणूस सलग वाचताना मात्र पार अडखळत होता. एका मुलाने आपल्या आईच्या शिवणकामाबद्दल मनापासून लिहिलं होतं. चेकरने त्याचा असा काही विचका केला की ग्रंथपाल बाईंना राहवेना. त्या खिडकीपासून उठल्या आणि त्यांनी त्याच्या हातातून कागद ओढून घेतले.

"द्या इकडे. चांगल्या लिहिण्याची माती करता अगदी!" मग बाकावर बसत त्या म्हणाल्या, "दादा, हा नीट ऐक हं."

दादा ऐकत होता. बाई वाचत होत्या. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण मध्येच एक ओळ त्यांनी दोनदा वाचली, पण त्या थांबल्या नाहीत. चेकर हलक्या पावलांनी बाहेर पायरीवर जाऊन बसला. आत एका अर्जावरून वाद सुरू झाला होता. वाद बराच चढला, पण कुणी निरोप घेऊन बाहेर आलं नाही.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. बायकोने पदराने डोळे टिपले. "झालं ना चांगलं?"

"झालं," चेकर म्हणाला. "पण मला त्या चष्मेवाल्याचा संशय आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात चौकशी करून आलोय मी. वाचायची मनाई गेल्या आठवड्यातच संपलीये."