वाशी ते उरण, हेराल्ड परत आणायला

गाड्यांचं वेड असलेल्या मंडळींत हल्ली एक खेळ चालतो. कोणती जुनी गाडी आज पुन्हा बनवायला हवी, याच्या याद्या करायच्या. कुणी लँडमास्टर म्हणतं, कुणी पद्मिनी. यातले निम्मे लोक अशा गाडीत कधी बसलेले नसतात. उरलेल्या निम्म्यांनी तिला धक्का मारलेला असतो, पण तेवढंच ते सोयीस्कर विसरतात.

आमच्या घरात ही यादी नव्वदच्या दशकातच तयार होती आणि तिच्यात एकच नाव होतं. हेराल्ड. दोन दारांची, क्रीम रंगाची. तिचं आख्खं बॉनेट पुढे कलायचं आणि मग पुढच्या चाकावर बसून इंजिनशी गप्पा मारता यायच्या. बाबा रविवारी त्या चाकावर जितका वेळ बसत, तितका आमच्याशी आठवडाभरात बोलत नसत. वाशीला फ्लॅट घेताना त्यांनी ती विकली आणि पुढची पंधरा वर्षं फ्लॅटवर राग काढला. नळाला पाणी आलं नाही, सोसायटीची मीटिंग लांबली, कारण काहीही असो, "याच्यासाठी गाडी विकली" हे ठरलेलं. आईने ऐकणं कधीच सोडून दिलं होतं.

एक दिवस आमच्या मजल्यावरचे कुलकर्णी जिन्यात भेटले. ते न्हावा शेव्याला क्लिअरिंगचं काम करायचे. म्हणाले, "अहो, तुमच्या नंबरची हेराल्ड बघितली काल. उरणच्या अलीकडे एक गाव आहे, तिथल्या मुकादमांच्या अंगणात."

"रविवारी जायचं," बाबा मला म्हणाले. "परत आणायची."

"ठेवणार कुठे?" आईने विचारलं. सोसायटीत स्कूटर लावायलासुद्धा सेक्रेटरीची मर्जी राखावी लागायची. प्रश्न रास्त होता, म्हणून बाबांनी तो ऐकला नाही.

रविवारी साडेसहाला स्कूटर काढली. मागे बाबा. त्यांच्या पिशवीत टॉर्च, अस्सल भागांची यादी लिहिलेली वही आणि एक चुंबक. रंगाखाली पुट्टी भरली असेल तर चुंबक चिकटत नाही, ही जाणकारांची युक्ती. तेव्हाची नवी मुंबई म्हणजे रस्ते आधी आणि माणसं नंतर. सीवूड्स हे नाव ऐकून लोक फ्लॅट बघायला यायचे आणि चिखलात बूट घालवून परत जायचे. पनवेलपर्यंत रस्ता मोकळा होता. तिथे मिसळ खाल्ली, पन्नासच्या आत दोघांचं भागलं. तर्री मागून घ्या, आपणहून देत नाहीत.

पळस्पे फाट्यावरून बंदराच्या रस्त्याला लागलात की देवाचं नाव घ्या. कंटेनरचे ट्रेलर एकामागून एक, आणि प्रत्येक ड्रायव्हरला वाटतं की स्कूटर ही रस्त्यावर पडलेली वस्तू आहे. धूळ इतकी, की हेल्मेटपेक्षा चष्मा जास्त कामाचा. त्या सगळ्या गोंगाटात बाबा माझ्या कानाशी ओरडून सांगत होते की हल्लीच्या गाड्या म्हणजे साबणाच्या वड्या. एकीला चेहरा नाही.

मुकादमचाचांचं घर सापडायला त्रास पडला नाही. "लग्नाची गाडी ना? मशिदीच्या मागं," असं पहिल्याच माणसाने सांगितलं. चाचा सत्तरीचे. आयुष्यभर लाँचवर तांडेल होते, म्हणजे लाँच चालवणारे मुख्य खलाशी. लुंगी-बनियनवर अंगणात जाळं सांधत बसले होते. आणि त्यांच्या मागे, नारळाखाली, ती उभी होती. हिरवीगार. आपल्या होड्यांना असतो ना, तोच हिरवा.

बाबांनी नमस्कार वगैरे काही केला नाही. नंबरप्लेट बघितली आणि चुंबक काढून दाराला लावलं. ते खाली पडलं. दुसऱ्या दाराला लावलं, पुन्हा पडलं.

"आलिमीनचा पत्रा हाय, साहेब," चाचा म्हणाले. "बंदरावरचा. गंजत नाय."

बाबा गुडघ्यांवर बसून टॉर्चने खाली बघू लागले आणि लगेच नाकाला रुमाल लावून उठले.

"मुशीचं तेल," चाचा उत्साहाने म्हणाले. "दर साली होडीला मारतो, उरलेलं हिला." आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. बाबांच्या लाडक्या गाडीला पंधरा वर्षं माशाच्या तेलाचं मालिश चालू होतं.

मग यादी सुरू झाली. डॅशबोर्ड होडीच्या सुताराने सागवानाचा केलेला. खालची जमीन फळ्यांची. सीट काथ्याची. दिवे कुठल्याशा टेम्पोचे. इंजिनावरही किती हात फिरले होते देव जाणे. बाबा वहीत एकेका ओळीवर काट मारत गेले. पान संपलं तेव्हा वही मिटून ते म्हणाले, "ही माझी गाडी नाही. तुम्ही वाट लावलीत तिची."

मला त्यांची भयंकर लाज वाटली. परक्याच्या अंगणात, बोलावणं नसताना येऊन हे बोलायचं. पण त्यांच्याकडे बघितलं तर मिटलेली वही उघडून ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होते. पंधरा वर्षं हा माणूस एका गाडीची वाट बघत होता, आणि ती जगात उरलीच नव्हती.

चाचा रागावले नाहीत. "खाऱ्या वाऱ्यात पत्रा किती टिकनार, साहेब? होडीची फळी सडली का आमी फळी बदलतो. होडी तीच ऱ्हाते. ही विकायची तर नायच. गावातली हर एक नवरी हिच्यातूनच जाते." मग जरा थांबून म्हणाले, "पन जुनी फळी आमी टाकत नाय. तिच्यावर पोट भरलेलं असतं."

ते आत गेले आणि एक गोणपाट ओढत घेऊन आले. आत तेल लावून, फडक्यांत बांधून ठेवलेल्या वस्तू. दाराच्या मुठी. काचा खालीवर करायचे दांडे. हॉर्नची रिंग. दिव्यांच्या कड्या. डॅशबोर्डची चीर गेलेली फळी. पंधरा वर्षांत काढलेला एकेक भाग, जो हातात धरता येईल तो.

"ही तुमची," चाचा गोणपाटाकडे बोट दाखवून म्हणाले. "आनि ती माझी. झालं?"

बाबांनी हॉर्नची रिंग हातात घेतली आणि बराच वेळ ठेवली नाही. चाचींनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं, वर नारळाच्या रसातलं सांदण. साहेब मासे खात नाहीत हे त्यांनी रुमालावरून ओळखलं होतं. बाबा तीन भाकऱ्या खाऊन उठले. माफी मागणं त्यांना जमलं नाही. निघताना त्यांनी चाचांचे दोन्ही हात धरले, त्यांच्या हिशेबाने तेच खूप होतं.

अशा रीतीने हेराल्ड स्कूटरवर, माझ्या पायांमधून वाशीला आली. पुढचे दोन आठवडे आमच्या शुद्ध शाकाहारी घरातून मुशीच्या तेलाचा वास येत होता आणि सोसायटीत आमच्याविषयी ठराव व्हायचा बाकी होता. बाबांनी गॅलरीत बैठक मारली. एकेक भाग घासला, वाकलेला सरळ केला, डॅशबोर्डची चीर भरली. त्यांना इतकं खुशीत मी कधी बघितलं नव्हतं.

आठेक महिन्यांनी चाचांचा फोन आला. दाराची मूठ तुटली होती, बाजारात मिळत नव्हती, लग्न तोंडावर होतं. "माझ्या गाडीचा भाग काढून देऊ?" असं बाबा दोन दिवस गुरगुरले. तिसऱ्या दिवशी मूठ रुमालात गुंडाळून एसटीने उरणला गेले. मग काचेचा दांडा गेला. मग दिव्याची कडी. पुढे पुढे तर फोन यायच्या आधीच बाबा निघायचे आणि संध्याकाळी बिरड्याचा डबा घेऊन परतायचे.

आता कुणी मला विचारतं, हेराल्ड पुन्हा निघावी असं वाटतं का? काढा ना, मी बघायला येईन. शोरूममध्ये एसी असेल, कॉफी देतील, मुठीला हात लावू नका म्हणतील. माझ्यापाशी त्या प्रवासातलं उरलं आहे ते बाबांचे गॅलरीतले दिवस. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

गोणपाटातली डॅशबोर्डची फळी सगळ्यात शेवटी उरणला गेली. बाबा परतले, हातपाय धुऊन आले आणि रिकामं गोणपाट घडी घालायला लागले. आई बघत होती.

"संपली का हो तुमची गाडी?" तिने विचारलं.

"संपली कशी?" बाबा म्हणाले. "आज नवरीला घेऊन पनवेलला गेली. मी पुढे बसलो होतो."