मागावरचं धोतर

आंधळगावच्या आमच्या घरी बाहेरचं माणूस पायरी चढलं, की बाबा आधी हातमागावर जुनं धोतर टाकायचे आणि मगच "या, बसा" म्हणायचे. लहानपणी मला याची लाज वाटायची. पाहुण्याला काय वाटत असेल, असं मी आईला विचारायची. आई सांगायची, की एकदा एक ओळखीचा व्यापारी चहा पिता पिता नव्या किनारीची नक्षी डोळ्यांत भरून घेऊन गेला आणि पुढच्या लग्नसराईत तीच किनार यंत्रमागाच्या साड्यांवर बाजारात आली. तेव्हापासून ते धोतर मागाशेजारच्या खुंटीवर असायचं.

मी मागावर बसले नाही. नागपूरला कॉम्प्युटर शिकले आणि घरीच, मागाच्याच खोलीत टेबल टाकून, लोकांच्या वेबसाइट बनवायला लागले. आमच्या कोशाच्या रेशमी साड्यांची वेबसाइटही मीच बनवली. त्या वर्षी बाबांनी करवतीच्या दातांसारख्या दिसणाऱ्या करवती किनारीत एक नवीनच नमुना बसवला होता. आठ महिने उकलून पुन्हा विणत होते. पुण्याच्या एका दुकानदारीणबाईंना तो पाहायचा होता, म्हणून मी साइटवर एक लपलेलं पान करून त्यावर फोटो ठेवले. ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच ते दिसणार. बाबांनी तीनदा खोदून विचारलं. तिसऱ्यांदा मी वैतागले आणि म्हणाले, तुमच्या धोतरापेक्षा पक्कं आहे.

चार दिवसांनी नागपूरच्या एका गिऱ्हाईकाने मला काम दिलं. दहा दुकानांच्या वेबसाइट कोणत्या सॉफ्टवेअरवर बांधल्या आहेत ते शोधून संध्याकाळी पाचपर्यंत यादी पाठवायची होती. हे शोधायला ब्राउझरला जोडायचं एक छोटं अवजार, एक्स्टेन्शन, मिळतं. साइट उघडली की ते सांगतं, दुकान कशावर उभं आहे, पैसे घ्यायची सोय कोणाची, गिऱ्हाइकांवर नजर ठेवणारी कोणाची. पण माझ्याकडे आधीपासून दुसरं एक्स्टेन्शन होतं, नजर ठेवणाऱ्यांना दारातच अडवणारं. दोघांचं जमेना. एक अडवायचं, त्यामुळे दुसऱ्याला अर्धंच दिसायचं. दुपारचे दोन वाजले होते. मी अडवणारं बंद केलं आणि शोधणारं घेतलं. 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी त्याने मागितली, ती मी नेहमीप्रमाणे वाचून न वाचल्यासारखी देऊन टाकली.

सहा साइट झाल्या. मध्येच पुण्याचं उत्तर आलं का पाहायला मी त्याच ब्राउझरमध्ये मेल उघडली. मी पाठवलेल्या लिंकखाली बाबांच्या किनारीचा छोटा फोटो दिसत होता, आणि कोपऱ्यात त्या एक्स्टेन्शनचं चिन्ह तिथेही पेटलेलं. नेमके तेव्हाच बाबा उत्तराची चौकशी करायला पाठीशी येऊन उभे राहिले. ते चिन्ह कसलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"मंग हे आपली किनार बी पाहून राहिलं का?"

मी म्हणाले, तसं नाही, हजारो लोक वापरतात, ते फक्त साइट कशाची आहे तेवढंच पाहतं.

"पाहत नाही म्हणते, का पाहू शकत नाही?"

मी दिलेली परवानगी पुन्हा उघडून वाचली: वाचणे आणि बदलणे. अडवणाऱ्याची परवानगी काढून पाहिली, तर शब्दन् शब्द तीच. राखणदारही घरभर फिरणार आणि चौकशी करणाराही. कोणावर विश्वास ठेवायचा? मला स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं हे काम करते आणि हा प्रश्न मागावरच्या माणसाने विचारावा!

मी ब्राउझरमध्ये एक वेगळी, कोरी प्रोफाइल केली. शोधणारं तिकडे हलवलं, तेही क्लिक केल्यावरच चालेल असं. मेल आणि घरचं सगळं इकडे, अडवणाऱ्याच्या ताब्यात. उरलेल्या चार साइट साडेतीनला संपल्या. जीव भांड्यात पडला, आणि मग मला शहाणपणा दाखवायची हौस आली. बाबांना म्हटलं, बसा, आपलीच साइट तपासून दाखवते.

कोऱ्या प्रोफाइलमध्ये आमची साइट उघडून मी क्लिक केलं. नजर ठेवणाऱ्यांच्या नावांची रांगच लागली. मी फुकटात उचललेल्या तयार साच्यातून ती सगळी आली होती. आत काय आहे ते मी कधी उघडून पाहिलंच नव्हतं. त्यातलं एक तर पाहणाऱ्याच्या पडद्यावर जे दिसतं ते सगळं टिपून कुठेतरी पाठवणारं होतं. लपलेलं पान उघडलं. तिथेही तेच. मग घरच्या प्रोफाइलमध्येही तेच पान उघडलं, तर अडवणाऱ्याच्या चिन्हावर अडवलेल्यांचा आकडा आला, सात.

बाबांना इंग्रजी वाचता यायचं नाही, पण आकडा कळायचा. "हे सात काय होय?"

काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. सात फोटो म्हटलं असतं, सात साड्या म्हटलं असतं. मोबाइल वाजत होता, नागपूरचं गिऱ्हाईक यादी मागत होतं. बाबा माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"हे सात परके आपल्या साइटवर बसून आहेत, बाबा. पयल्या दिवसापासून. मीच घेतले त्यायले आत."

ते उठून मागावर जाऊन बसले, पण आडवा धागा नेणारा धोटा काही चालेना. मी आधी ते पान काढलं, मग सगळी साइटच बंद केली. यादी गेली तेव्हा सहा वाजून गेले होते. त्या गिऱ्हाइकाने मला पुन्हा काम दिलं नाही, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटलं नाही.

पुण्याच्या बाईंनी ती किनार घेतली. पुढच्या लग्नसराईत मी भंडाऱ्यापासून नागपूरपर्यंत दुकानं पालथी घातली, साडीन् साडी पाहिली. ती किनार कुठेच दिसली नाही. घरी येऊन मी आनंदाने हे बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा चहा घेऊन खोलीत गेले. दुसऱ्या हातात मोबाइल होता. मला पाहताच बाबांनी धोटा थांबवला, खुंटीवरचं धोतर काढलं, मागावर नीट पसरलं, आणि मग कपासाठी हात पुढे केला.

"ये, बस," ते म्हणाले.