शेठच्या सुऱ्याची धार

“धार लावून ठेवते, शेठ. दसऱ्याला बंगल्यावर आणून देते,” असं माझी सावळी फोनवर म्हणाली, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. आवाज इतका गोड होता की मीच दचकले. ज्या माणसापायी तिचा बाप झिजून गेला, त्याच्याशी ही पोरगी कधी गोड बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

आमचं लोहारकाम शहापुरात, मुरबाडच्या रस्त्याला. मी बी.ए. होऊन या घरात आले. सावळीने मात्र बारावीनंतर शिक्षण सोडलं आणि वडिलांशेजारी भट्टीपाशी बसली. बाजारच्या दिवशी पाड्यांवरच्या बायका विळे घेऊन येतात, त्यांच्याशी तिचं छान जमतं. परवा सकुबाई म्हणाली, “गो सावळे, हे काले हात बघून नवरा कोन करंल तुला?”

“नाय केलं कुनी तर नाय. केलं तर त्याला पन धार लावीन.”

सगळ्या खिदळल्या. मला हसू आलं नाही. तिच्या मांडीवर तेव्हा तोच सुरा होता.

तो सुरा माझ्या यजमानांनी, दामूंनी, कमळाकर शेठसाठी घडवला होता. शेठचा डोळखांबकडे बंगला आहे आणि शिकारीचा नाद जुना. वीतभर पातं, त्यावर रानडुक्कर आणि करवंदीची जाळी कोरलेली, शिसवी मूठ. शेठला त्यावर आपलं नाव हवं होतं. “आमी हत्यारावर मालकाचं नाव घालत नाय, शेठ,” हे म्हणाले, आणि रिवाजाप्रमाणे स्वतःची खूण तेवढी उमटवली. तीन ठिपके.

त्या ठिपक्यांनीच घात केला. शेठने भेकर मारलं आणि सुरा धार लावायला आमच्याकडे पाठवला. मागोमाग वनखात्याची माणसं आली. नक्षीच्या रेघांत रक्त सुकलेलं होतं. शेठने कानावर हात ठेवले. “माझा कसला? खूण बघा की, त्याचीच आहे.” ज्यांनी ज्यांनी तो सुरा शेठच्या कमरेला पाहिला होता, ते सगळे मुकाट बसले. हे आत गेले, जामिनावर आले, कोर्टाच्या खेपा घालत राहिले. पुराव्याअभावी सुटले तोवर गिऱ्हाइकं यांना “शिकारी दामू” म्हणू लागली होती. कागदोपत्री सुरा यांचाच, म्हणून तोही घरी आला. त्याच पावसाळ्यात हे गेले.

सुरा इतके दिवस चामड्याच्या म्यानात पडून होता. चामडं ओल धरतं. पातं तांबडं झालं होतं. मी म्हटलं, नदीत टाक. सावळीने ऐकलं नाही. चिंचेचा कोळ लावून तिने गंज सोडवला. नक्षीतला गंज बांबूच्या काडीने काढला, कारण लोखंडी टोकाने रेघ मोडते. मग धुऊन, भट्टीच्या उबेला सुकवून करंजेल चोळलं. म्यान जाळलं. तेव्हापासून ती दर सोमवारी सुती फडकं सोडते, पातं पुसते, पुन्हा तेल लावून गुंडाळते. तान्ह्या मुलाची करावी तशी निगा. मला त्या मायेचीच भीती वाटते.

मग शेठचा फोन आला. “पोरी, तो सुरा तुमच्याकडं पडून काय करतोय? मला दे. दामूची आठवण म्हणून ठेवीन.”

आठवण!

आज दुपारी ती दळण आणायला गेली तेव्हा मी फडकं सोडलं. नखावर धार टेकवली तर जागची हलेना, रुतलीच. मुठीजवळच्या पितळी पट्टीवर ताजी अक्षरं कोरलेली होती: “मालक कमळाकर.” सुरा उलटा केला. पलीकडे: “भेकर याने मारलं.”

मान वर केली तर सावळी दारात.

“आपल्यात नाव घालत नाहीत,” मी म्हटलं.

“बाबांनी नाय घातलं. काय झालं ते बघितलंस.”

“आणि बंगल्यावर एकटी जाऊन काय करणार?”

“त्याला वाचायला लावीन. मान खाली घातली तर परत येईन.”

“आणि हसला तर?”

तिने सुरा माझ्या हातातून घेतला, पात्यावरचे माझ्या बोटांचे डाग पुसले, तेलाचा हात फिरवला. “धार उगाच नाय लावली, आई.”

तो हसणार. मी त्याला चांगली ओळखते. त्याची मला दया येत नाही, जरासुद्धा नाही. पण त्याच्यापायी या घरातलं दुसरं माणूस मी तुरुंगात जाऊ देणार नाही. आणि सुरा नदीत टाकून त्याला मोकळाही सोडणार नाही.

दसऱ्याला आमच्या दुकानात हत्यारांची पूजा असते. डोळखांबपासून मुरबाडपर्यंतची माणसं आपापले विळे-कोयते पाटावर मांडतात. पूजा झाली की ज्याचं हत्यार त्यानेच उचलायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. वनखात्यापुढे मुकाट बसलेले सगळे तिथे असतील. सुरा मी मधोमध ठेवीन, मालकाचं नाव वर करून. “माझा कसला?” म्हणणाऱ्याने सर्वांदेखत तो उचलावा, नाहीतर रिकाम्या हाताने त्यांच्यामधून वाट काढत जावं. दोन्हींपैकी काय करतो ते मला बघायचं आहे.

शेठचा नंबर सावळीच्या फोनमधून घेतला आहे. उजाडताच फोन करून सांगणार आहे: सुरा तयार आहे, शेठ, पण बंगल्यावर नाही मिळायचा, पूजेला या आणि आपल्या हाताने उचला. आवाज अगदी गोड ठेवीन. लेकीकडून तेवढं शिकले आहे.