तोंडाला लावलेली गोडंबी

माझ्या तोंडाला घरच्या बायांनी लेप लावला होता, ही गोष्ट मी स्वतः गावात कधी कबूल केली नाही. आता ती माहीत असलेलं कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो. शिक्षण माझं दुसरीपर्यंत. पुढे मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. पण हे अक्षर माझं आहे, कुणाच्या हातापाया पडून लिहून घेतलेलं नाही.

दुसरी लढाई लागायच्या आधीचे दिवस. आमचं गाव धुळ्याहून सोनगीरकडे जाताना लागतं. मी कापसाच्या गाड्या धुळ्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, नेऊन घालायचो. उन्हानं तोंड असं भाजलं होतं की टोपी काढली तर एका डोक्याखाली दोन माणसं दिसायची, कपाळाच्या वरच्या भागात गव्हाळ आणि खाली ठिक्कर काळा. मला त्याचं काही वाटत नव्हतं. कामाच्या माणसाचं तोंड काळंच असतं. पण माझ्या लग्नासाठी आलेले पाहुणे नकार देऊन गेले. त्यातला एक तर वेशीजवळ माझ्या वडिलांना म्हणाला की मुलगा दिवसा ठीक आहे, दिवेलागणीनंतर शोधावा लागेल.

वडिलांना ते लागलं. मग मामानं भडगावचं स्थळ आणलं. मामाचं गाव कजगावकडे, त्यामुळे गिरणाकाठची सगळी घरं त्याला ठाऊक. मुलगी चांगली, घर चांगलं, पण घरात आजीचा शब्द चालतो आणि आजी भारी चोखंदळ, असं तो सांगून गेला. वडील मला म्हणाले, हे स्थळ गेलं तर मी धाकट्या भावाचं उरकून घेणार. धाकट्याचं आधी झालं की थोरल्यात काहीतरी खोट आहे असं लोक धरतात. मग त्याला कुणी मुलगी देत नाही. असे दोन-तीन थोरले आमच्या गावात भावजयीच्या हातचं खाऊन म्हातारे झालेले मी पाहत होतो.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सोनगीरहून फुई आली. फुई म्हणजे वडिलांची बहीण. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, बाजारात बैलाचं फिरवतात तसं, आणि आईला मसुरीची डाळ कच्च्या दुधात भिजत घालायला सांगितली. आंबेहळदीचा खडा सहाणेवर उगाळला. साय काढून ठेवली. मला वाटलं जेवणाचं काही चाललंय. ते माझ्या तोंडासाठी आहे हे कळलं तेव्हा मी हबकून उभाच राहिलो. नवरदेवाला हळद लागते ती मांडवात, चार लोकांत, वाजतगाजत. मागच्या अंगणात बसून बायांकडून तोंड सारवून घेणारा पुरुष मी तोवर ऐकलाही नव्हता.

त्या लेपात चारोळी वाटून घालायची असते. तिनं कातडी उजळते असं बाया म्हणतात. घरात चारोळी नव्हती आणि त्यासाठी धुळ्याला कोण जाणार? फुईच्या पुरचुंडीत गोडंबी होती. बिब्बा फोडला की आतून पांढरा गर निघतो, ती गोडंबी. बिब्ब्याच्या टरफलात काळं तेल असतं आणि ते अंगाला लागलं की अंग उततं, सुजून फोड येतात. म्हणून बाया हाताला राख चोळून बिब्बे फोडतात, गर राखेत घोळवतात, तुपात भाजतात आणि हिवाळ्याच्या लाडूत घालतात. बाळंतिणीला देतात. आमच्याकडे गोडंबी म्हणजे ताकद, तिच्यात वाईट काही असतं हे कुणाच्या मनातही येत नाही. फुईनं ही गोडंबी नुकतीच फोडून आणली होती. भाजायची राहिली होती.

आईनं थोडी शंका काढली. फुईनं तिला उडवून लावलं.

"पोटमा चालस, ते तोंडले काय व्हई?"

पोटात चालतं ते तोंडाला कसं बाधेल, हे आईला पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. आम्ही सगळे ते लाडू लहानपणापासून खात आलो होतो.

तरी मी नाही म्हणून अडून बसलो. शेवटी वडील आले आणि बस एवढंच म्हणाले. मी बसलो, पण अट घातली. मागच्या दाराला कडी लावायची, आणि मी तोंडाला काही लावलं हे आईनं, वडिलांनी, फुईनं, कुणीही, कुणाच्याही बापाला सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ घातली. मग फुईनं पाट्यावर सगळं वाटलं आणि कपाळापासून कानाच्या पाळ्यांपर्यंत थापलं. गार लागलं. बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच मला लाज वाटली. वाळलं की धुवायचं होतं. पण दुपारची वेळ, मला डोळा लागला, आणि फुईनं विचार केला की जितकं जास्त राहील तितका पोरगा उजळेल. तिनं मला उठवलं नाही.

दिवेलागणीला उठून धुतलं, तोवर तोंड खाजू लागलं होतं. झोप कसली ती लागली नाही. सकाळी मी ओसरीत आलो, डोळ्यांच्या फटी राहिल्या होत्या. आई दूध घेऊन गोठ्याकडून येत होती. तिनं मला पाहिलं आणि झटकन डोक्यावर पदर ओढून घेतला, परक्या माणसापुढे घेतात तसा. मग विचारलं, कोण पाहिजे?

हे मी वाढवून लिहीत नाही. माझ्या आईनं मला विचारलं, कोण पाहिजे.

मी बोललो तेव्हा तिच्या हातातलं दूध सांडलं. मी आरशाचा तुकडा घेऊन उजेडात गेलो. भुवयांच्या जागी दोन उंचवटे, कानाच्या पाळ्या पुरीसारख्या फुगलेल्या, गालांवर फोड, त्यातून पाणी येतंय. फुई दारात आली, तिनं पाहिलं, आणि आईच्या हातात खोबऱ्याची वाटी ठेवली. आईनं खोबरं चावून चावून त्याचा चोथा माझ्या तोंडाला लावला, चिंचेचा पाला वाटला, तूप लावलं. बिब्बा उतला की हेच करतात. पण उतलेलं तोंड काही दुपारपर्यंत उतरत नसतं.

दुपारी पाहुणे आले. मुलीचे वडील आणि चुलते. माझे वडील मला म्हणत होते, तू शेतात जा, आम्ही काहीतरी सांगतो. मी म्हटलं, मी चोर नाही. आणि जाऊन समोर बसलो. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, मग खाली. मुलीच्या वडिलांनी अगदी हळू विचारलं, भाऊ, हे काय झालं? दाराआड आई उभी होती, तिच्या गळ्यात शपथ. माझ्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, की आतातरी सांगू का. लेप लावला होता हे भडगावला जाऊन पोहोचणार, तिथल्या बाया पदरात तोंड घालून हसणार. ते मला मरेपर्यंत नको होतं. मी म्हणालो, काही नाही, मी असाच आहे.

पाहुण्यांनी चहाच्या कपाला हात लावला नाही. ताटातली सुपारीही उचलली नाही. बैल जुंपायला वेळ लागतो, तेवढाही त्यांना लागला नाही.

पुढचं आठवून माझी अजून मती गुंग होते. रक्तपिती, म्हणजे महारोग. हा शब्द आमच्या दारात कुणी मोठ्यानं म्हटला नाही, पण तो गावात माझ्याआधी पोहोचायचा. न्हावी तीनदा येतो म्हणाला आणि आला नाही. विहिरीवर मी गेलो की बाया हंडे उचलून बाजूला धरायच्या. धुळ्याच्या जिनात मुकादमानं मला गाडीवरच बसून राहायला सांगितलं, कापूस दुसरे उतरवतील म्हणाला. त्याच मुकादमाबरोबर मी एका भाकरीचे तुकडे करून खाल्ले होते. ज्यांना खरंच हा रोग असतो त्यांचं काय होत असेल, हे तेव्हा गाडीवर बसल्याबसल्या मला पहिल्यांदा कळलं.

सूज उतरली, खपल्या पडल्या, आणि त्यांच्या जागी गालावर, कपाळावर फिकट चट्टे राहिले. हे आणखी वाईट. फिकट चट्टे हीच त्या रोगाची खूण. आता मी स्वतः वडिलांना म्हणालो, शपथ सुटली, सांगा लोकांना. वडिलांनी सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. रोग लपवणारा प्रत्येक माणूस बिब्बा उतला असंच सांगतो, असं लोक म्हणाले. धाकट्यासाठी मुलगी बघायला सुरुवात झाली.

एवढ्यात मामाचा निरोप आला. भडगावची आजी म्हणते, पोरगा घेऊन या, मी माझ्या डोळ्यांनी पाहीन. मुलानं मुलीच्या दारात जाऊन स्वतःला दाखवायचं? वडील नको म्हणाले. मी गेलो. कुणी बोलावलं आणि मी घाबरून मागे राहिलो, असं कधी झालेलं नाही. चाळीसगावला गाडी बदलून कजगावला उतरलो, तिथून मामाच्या बैलगाडीनं भडगाव.

आजी ओट्यावर बसली होती, पुढ्यात घोंगडी. मुलीचे वडील खांबाला टेकून, आणि शेजारचे पाचसहा बाप्ये, त्यांना कुणी बोलावलं कोण जाणे. मला आजीसमोर बसवलं. तिनं माझ्या कानाच्या पाळ्या चिमटीत धरून पाहिल्या. भुवया उलट्या चोळून पाहिल्या. मग मला म्हणाली, तोंड भिंतीकडे कर, आणि माझ्या गालाला काहीतरी खुपलं. बाभळीचा काटा. लांब, कोवळा नाही, पिकलेला.

कशासाठी ते मला कुणी सांगितलं नाही. मला वाटलं, जावई किती दमाचा आहे ते पाहतात. आमच्या तालमीत असं चालायचं. मी दात दाबून बसलो. काटा चट्ट्यात गेला. मी हललो नाही.

"लागलं का रे?" आजीनं विचारलं.

"नाही."

तिनं कपाळावर टोचलं, जोरात. "आता?"

"काहीच नाही, आजी. तुम्ही टोचा."

काटा तिच्या हातातून घोंगडीवर पडला. मी वळून पाहिलं तर मुलीचे वडील उठून उभे राहिले होते आणि पाण्याचा तांब्या पायानं मागे सारत होते. बाप्ये ओट्याच्या कडेला सरकले. मामाचं तोंड राखेसारखं झालेलं. तो माझ्या कानाशी येऊन पुटपुटला की मूर्खा, ज्याला रोग असतो त्याच्या चट्ट्याला काटा लागत नाही. तेव्हा मला कळलं मी काय बोलून बसलो ते. आता लागलं होतं म्हणावं तर कोण मानणार? नाही हे मीच म्हटलं होतं, एकदा नाही, दोनदा, आणि वर टोचा म्हणालो होतो.

मामानं टोपी उचलली. निघायचं एवढंच उरलं होतं.

आणि त्याच भिंतीतल्या आतल्या दारातून बाईमाणसाचा आवाज आला.

"आजी, त्यास्ना तोंडनं काय ऐकस? डोया दख. डोयामा पानी उनं."

सगळे दाराकडे वळले. लग्नाची मुलगी, बापासमोर, परक्या बाप्यांसमोर, मला बघून बोलली. माझ्या डोळ्यात पाणी आहे असं बोलली. रोगाच्या शब्दानं बसला नव्हता एवढा धक्का मला त्यानं बसला. मी मान खाली घातली, पण आजीनं हनुवटी धरून वर केली आणि अंगठ्यानं माझ्या डोळ्याखाली पुसून अंगठा ओला आहे का ते पाहिलं. ओला होता.

मी म्हणालो, चुलीचा धूर लागला.

"चूल पेटेल नही अजून," आतून उत्तर आलं.

आजीनं मला बोलू दिलं नाही. घोंगडीवरचा काटा उचलला आणि न सांगता, न विचारता, मी तिच्याकडे पाहत असतानाच गालावरच्या मोठ्या चट्ट्यात खुपसला. मी जो ओरडलो तो गल्लीच्या टोकाला ऐकू गेला असणार. बाप्ये हसले. मुलीच्या वडिलांनी पायानं सारलेला तांब्या हातानं उचलून माझ्यापुढे ठेवला.

मग चट्टे कशाचे, हा प्रश्न आला. मामानं सगळं सांगून टाकलं, मसुरीच्या डाळीपासून, दाराच्या कडीसकट. गोडंबीचं नाव आलं तेव्हा आजीनं दोन्ही हात कानांवर नेले. अरे, ती लाडूत घालतात, म्हणाली. आत बांगड्या वाजल्या. कुणीतरी तोंडात पदर कोंबून हसत होतं, आणि ते कुणीतरी कोण हे मला कळत होतं. कान तापले. उठून जावं असं वाटलं, पण आजीनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला होता, आणि हातात गूळ घेऊन रागानं उठून जाता येत नाही.

परत येताना गिरणेच्या पात्रात मामाला म्हटलं, मुलगी फार बोलते. माझ्याशी लग्न होणार तर उद्या चारचौघांत माझी काय अब्रू राहील?

मामानं कासरा ओढला. बैल पाण्यात थांबले.

"मग जा. नको म्हणून सांगून ये. मी इथं थांबतो."

अजून हातातच असलेला गुळाचा खडा मी तोंडात टाकला. मग म्हटलं, गाडी हाक.