कपाटातले एकेचाळीस पासपोर्ट

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या पाण्याच्या टाक्यांच्या कारखान्यात बाबाजी तांडेल एकोणीस वर्षं स्टोअरकीपर होता. नटबोल्टसुद्धा मोजून द्यायचा आणि एखादा उरला तर परत मागायचा. पोरं त्याच्या या चिकटपणाला हसायची, पासपोर्ट मात्र त्याच्याच हवाली करायची. एकदा कामगारांच्या कॅम्पातल्या एकाचा पासपोर्ट हरवला आणि बाप गेला तरी त्याला घर गाठता आलं नाही. तेव्हापासून स्टोअरमधलं एक लोखंडी कपाट बाबाजीनं पासपोर्टांसाठी रिकामं केलं. प्रत्येक पासपोर्ट वेगळ्या पिशवीत. ठेवताना आणि नेताना वहीत दोन सह्या, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची.

मग निर्वासितांच्या छावण्यांसाठी सहाशे टाक्यांची ऑर्डर आली. पैसा युरोपियन युनियनचा, आणि त्याच्याबरोबर अटींचं हे एवढं बाड. मालक रणजित सावंतांनी सगळ्यांना बसवून अटी समजावल्या.

"कामगारांचे पासपोर्ट कंपनीनं ठेवायचे नाहीत. सापडले तर ऑर्डर खलास, आणि ठेवणाऱ्याला मला काढावंच लागेल. समजलं?"

बाबाजीनं मान डोलावून सही केली. कपाट त्याच्या डोक्यातही आलं नाही. कंपनी म्हणजे वरचं ऑफिस, कपाट तर त्याचं! इतका काटेकोर माणूस, पण नको तिथे भाबडा निघाला.

तपासणीला युरोपियन युनियनकडून एक बाई आल्या. पासपोर्ट कुठे असतो, असं त्यांनी सोमनाथ नावाच्या फिटरला विचारलं. त्यानं हसत स्टोअरकडे बोट दाखवलं. बाबाजीनं लगबगीनं कपाट उघडलं.

"देखो मॅडम, एकदम सेफ," तो अभिमानानं म्हणाला.

बाईंनी कपाटाचे फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी रणजित स्वतः खाली आले. "बाबाजी, तुमची वही दाखवली मी त्यांना. पोरंही तुमच्या बाजूनं बोलली. त्या म्हणाल्या, हेतू चांगला असेल, पण किल्ली कंपनीच्याच माणसाकडे होती. पासपोर्ट आजच परत केले तर ऑर्डर वाचतेय, तुम्हाला मात्र ठेवता येत नाही. व्हिसा कॅन्सल करावा लागेल."

"बरं."

"अहो, काहीतरी बोला!"

"स्टोअरची किल्ली कुणाकडे देऊ?"

त्याला रडू आलं नाही, रागही आला नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल होतो, तसा तो आतून बधिर झाला होता.

जेवणाच्या सुट्टीत स्टोअरसमोर रांग लागली. बाबाजी नाव पुकारायचा, पिशवी द्यायचा, सह्या व्हायच्या.

"काका, आता ठेवू कुठे?" सोमनाथनं विचारलं. त्याला बाबाजीकडे बघवत नव्हतं. "खोलीत आम्ही दहा जण."

"पेटीत ठेव. कुलूप लाव."

पुढच्यालाही त्यानं तेच सांगितलं, त्याच्या पुढच्यालाही. चाळीस झाले आणि रांग संपली. कपाटात एकच पिशवी उरली, त्याची स्वतःची. बाबाजीनं वही पुढे ओढली. देणाऱ्याच्या रकान्यात सही केली, मग घेणाऱ्याच्या रकान्यातही केली, आणि कपाट बंद केलं.