प्रतापनगरची टोपली आणि एक निळं अंडं

खोटं कशाला बोलू, जायचं ठरलं ते फुकट होतं म्हणून! प्रतापनगरच्या चर्चच्या मैदानात ईस्टर, लहान मुलं असलेल्या सगळ्यांना मोकळा प्रवेश, रंगवलेली अंडी शोधायचा खेळ. आमच्या साडेचार वर्षांच्या निनादने लगेच जाहीर केलं, "मी अंडं शोधणार आणि आजीला दाखवणार."

आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, शांतपणे म्हणाल्या, "जा खुशाल. पण अंडं उंबऱ्याच्या आत येणार नाही."

रविवारी सकाळी घरून, अकोट्याहून, स्कूटर काढली. विश्वामित्री नदीच्या पुलावर मगर बघायला थांबलो, दिसली नाही. वाटेत सेव-उसळ खाल्ली. बाहेरगावच्यांनो, वरून तिखटजाळ तरी मागताना जपून, माझ्या नवऱ्याचे कान अजून लाल आहेत. रेल्वे क्वार्टर्सच्या मागे वळलात की मैदान. गाडी कडुनिंबाखाली लावा, मुलांना टोप्या घाला, सरबत तिथे मिळतं आणि तेही फुकट.

दारातच प्रत्येक मुलाला बांबूची छोटी टोपली मिळाली. मला वाटलं होतं चॉकलेटची अंडी असतील, पण ती खरीखुरी, उकडून रंगवलेली! शिट्टी वाजली आणि मोठ्या मुलांनी मैदान साफ केलं. आमचा लाजरा गडी माझी ओढणी सोडेना. शेवटी निंबाच्या मुळाशी त्याला एकच सापडलं, निळं. त्याचा चेहरा बघून माझेच डोळे भरून आले.

निघताना लाल साडीतल्या एक गुजराती बेन टोपल्या परत गोळा करत होत्या. "बेटा, टोपली आपी दे."

निनादने टोपली पुढे केली, अंड्यासकट.

"अरे, अंडं काढून घे!"

"रिकामी कशी द्यायची?" नजर अंड्यावरच होती, पण हात मागे येईना. शेजारची वाटी परत करताना सासूबाई चिमूटभर साखर तरी घालतात, आणि ती पोचवायला जातो हाच.

"शुं कहे छे?" बेननी विचारलं. मी सांगितल्यावर त्या खळखळून हसल्या आणि टोपली त्याच्या हातात परत देत म्हणाल्या, "तो लई जा. भरीने पाछी आपजे!" मग घेऊन जा, भरून परत दे म्हणे!

घरी निनाद उंबऱ्याबाहेरच थांबला. सगळा किस्सा ऐकून सासूबाई पदर खोचून स्वतःच बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. "दाखव बघू." निळं अंडं त्यांनी चष्मा लावून सगळ्या बाजूंनी पाहिलं. हात लावला नाही, पण "रंग छान बसलाय" म्हणाल्या. अंड्याला दाराबाहेर जास्वंदीच्या कुंडीत जागा मिळाली.

प्रवास म्हणाल तर नदीच्या या काठावरून त्या काठावर. पण त्या पायरीवरची आजी-नातवाची जोडी माझ्या मनातून जायची नाही.

चैत्र होताच. दुसऱ्या दिवशी आंब्याची डाळ भरलेला डबा टोपलीत बसून प्रतापनगरला गेला. टोपली त्यांची, डबा आमचा. तो कधी परत येतो आणि आत काय असतं, याची वाट निनादपेक्षा सासूबाईच जास्त बघताहेत.