गोदामावशीची बाहत्तर पावलं

गोदा साळवे यांच्या पावलात पाहण्यासारखं काही नाही. टाचेला भेगा आहेत. उजव्या अंगठ्याचं नख कधीतरी लोखंडी खांब पडून काळं झालं, ते काळंच राहिलं. पण देशाच्या महिला जिम्नॅस्टिक संघातल्या मुली गेली चौदा वर्षं त्यांच्या पावलांनी मोजलेल्या जागेवरून धावत आल्या आहेत, हे ठाण्यातल्या त्या एका हॉलबाहेर कुणाला माहीत नाही. गोदामावशींना स्वतःलाही त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही.

वर्तकनगरच्या वसाहतीतून त्या सकाळी साडेपाचला हॉलवर येतात. नेमणूक सफाईची. मॅट झाडायच्या, खडूची पांढरी धूळ ओल्या फडक्यानं टिपायची, पाण्याचे जग भरायचे. शिबिरात मुली असल्या की सोबत एक बाई हवी, असा नियम आहे. ती जागा कोणी भरली नव्हती म्हणून एका वर्षी कागदावर त्यांचं नाव लिहिलं गेलं. त्यानंतर ते कोणी खोडलं नाही.

पावलांची गोष्ट त्याच वर्षाची. व्हॉल्टसाठी मुलगी धावत येते, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय आपटते आणि टेबलावरून उडते. धाव नेमकी कुठून सुरू करायची हे प्रत्येकीचं ठरलेलं असतं. वीतभर इकडचं तिकडं झालं की बोर्डावर चुकीचं पाऊल येतं, आणि मग हवेत गेल्यावर काही दुरुस्त करता येत नाही. हॉलमधल्या टेपची सुरुवातीची दोन मीटर पट्टी तुटलेली होती. मोजताना दोन वजा करायचे. एकदा कोणीतरी वजा करायला विसरलं आणि सुदेश सर, म्हणजे संघाचे प्रशिक्षक, टेप हातात घेऊन ओरडू लागले. धावपट्टी पुसत असलेल्या गोदाबाई वर न बघता म्हणाल्या, "सर, काल ही पोरगी माझ्या अडुसष्ट पावलांवरून धावलेली."

"तुम्हाला काय माहीत?"

"रोज पुसते ना. पावलाला पाऊल लावूनच पुसते, नायतर मधेच राहतं."

त्यांनी मोजून दाखवलं. पोरगी धावली, बरोबर उडाली. नवीन टेप पुढच्या आठवड्यात आली, पण मुलींना टेप नको होती. टेपचा आकडा परका असतो. मावशींचं पाऊल रोज समोर चालत असतं.

या वर्षीचा हंगाम फेब्रुवारीत सुरू झाला. शिबिरात सहा जणी होत्या. त्रिपुराच्या दोघी, ओडिशाची एक, पुण्याची एक, डोंबिवलीची ऐश्वर्या आणि शहाडची समृद्धी भोईर. समृद्धी सतरा वर्षांची. आदल्या वर्षी तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी गुडघा ठीक आहे असं लिहून दिलं होतं. कागदावर तो ठीक होताही. पण धावताना शेवटच्या तीन पावलांत तिच्या अंगात काहीतरी मागे वळून बघायचं. वेग तुटायचा. बोर्ड समोर असायचा आणि ती त्याच्या बाजूनं निघून जायची, जशी माणसं ओळखीच्या दारावरून मान खाली घालून जातात.

एप्रिलमध्ये परदेशात पहिली स्पर्धा झाली. समृद्धी बीमवर, त्या अरुंद तुळईवर, खेळली. व्हॉल्टवर सरांनी तिला उतरवलंच नाही. मेमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत तिनं अगदी सोपा व्हॉल्ट मारला. तिचे वडील आनंद भोईर तिला रोज पहाटे शहाडहून घेऊन येत आणि हॉलच्या पायरीवर बसून राहत. आत यायला त्यांना भीती वाटे. "मी बघितलं की ती पडते," ते एकदा मावशींना म्हणाले.

"तुम्ही बघत नव्हता तेव्हाच पडलेली ना ती?"

"हो, पण तरी."

जूनभर मावशींनी एकच काम केलं. सकाळी हॉल रिकामा असताना त्या समृद्धीबरोबर बोर्डापासून मागे धावपट्टीवर चालायच्या. बाहत्तर पावलं. मावशी पुढे, टाचेला अंगठा लावत, अनवाणी, तोंडानं मोजत, आणि मुलगी मागे. बाहत्तरावं पाऊल जिथे पडे, तिथे धावपट्टीच्या फाटलेल्या कापडाला मावशींनीच एकदा दाभणानं घातलेला जाड टाका होता. खडूची रेघ टाक्याच्या जरा अलीकडे, बोर्डाच्या बाजूला यायची. समृद्धी रेघेवर उभी राहिली की टाका तिच्या टाचांच्या मागे असायचा.

"मावशी, रोज कशाला मोजता? तेवढंच तर येतं."

"तेवढंच येतं हे बघायलाच मोजायचं."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, एका मंगळवारी, ती थांबली नाही. शेवटची तीन पावलं सरळ गेली, बोर्ड वाजला आणि ती पलीकडे दोन पायांवर उतरली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांना वाटलं, बोललं तर मोडेल. पुढचे अठरा दिवस ती एकदाही थांबली नाही.

आशियाई स्पर्धेसाठी सहातून पाच जणी निवडायच्या होत्या. सहावी राखीव. निवड चाचणी याच हॉलमध्ये, जुलैच्या शेवटच्या रविवारी, बाहेरचे पंच बोलावून, सगळे नियम लावून. सुदेश सरांनी समृद्धीला साफ सांगितलं होतं, "बीमवर तू पहिल्या तिघींत आहेस. व्हॉल्ट नीट मारलास तर संघात. मधेच थांबलीस तर मी काही करू शकणार नाही."

चाचणीच्या आदल्या दिवशी हॉलवर एक खोकं आलं. संघाचे नवे कपडे. त्यात एक पिशवी होती आणि तिच्यावर चिठ्ठी, जी. साळवे. चौदा वर्षांत पहिल्यांदा. सरांनी दरवर्षी नाव पाठवलेलं, दरवर्षी कुठेतरी गळलेलं. निळा ट्रॅकसूट, पाठीवर देशाचं नाव आणि पांढरे बूट.

ऐश्वर्यानं पाठीवरची अक्षरं ताणून पाहिली. "बस का मावशी! आता तुम्हीच चढा बीमवर."

"मी चढले तर बीम राहील का गं?"

"बूट घालून दाखवा ना. होतात का?"

"होतात, होतात."

बूट मोठे होते. थोडेसेच, पण होते.  परत दिले तर कधी येतील, येतील की नाही, कोणाला ठाऊक. घरी जाऊन त्यांनी बुटांचं खोकं फळीवर ठेवलं. मग लक्षात आलं की वरच बुद्धाची तसबीर आहे, तिच्याखाली पादत्राणं ठेवणं बरं नाही. म्हणून ते कपाटात हलवलं. सकाळी बुटांच्या टोकांत कापूस कोंबला, नाड्या दोनदा बांधल्या आणि शेजारच्या रंभाताईंनी दार उघडून बघेपर्यंत जिन्यात उगाच रेंगाळल्या.

"अगं गोदा, टीव्हीवर येणार काय तू?"

"काहीतरीच तुमचं," असं म्हणून त्या खाली उतरल्या. पावलं पायऱ्यांवर नव्यानं वाजत होती.

चाचणीच्या दिवशी हॉल वेगळाच दिसत होता. टेबलांवर निळी कापडं, पंचांसमोर पाण्याच्या बाटल्या, आणि गॅलरीत पालक. आनंद भोईर त्या दिवशी आत आले आणि सगळ्यात वरच्या बाकावर बसले. मावशींनी धावपट्टीवर मोजणी केली. एका पाहुण्या पंच बाईंनी कौतुकानं विचारलं, "अशीच मोजता तुम्ही?" मावशींनी मान डोलवली आणि मोजत राहिल्या, पाठीवरची अक्षरं लोकांना दिसत आहेत हे जाणवून जरा ताठ. एकाहत्तर, बाहत्तर. रेघ मारली.

इतर मुलींच्या रेघा सरांनी राष्ट्रीय स्पर्धेनंतर टेपनं पक्क्या करून रंगवून घेतल्या होत्या. समृद्धीनंच हट्ट धरलेला, "माझी मावशीच मारणार, रोज." सरावाच्या फेरीत सरांनी तिला गुडघा वाचवायला सांगितलं, म्हणून ती बोर्डाच्या अर्ध्या वाटेपर्यंतच धावली.

मग तिचं नाव पुकारलं गेलं. तिनं हात वर केला, धावली. पहिली पावलं चांगली पडली. शेवटच्या तीन पावलांत तिचे पाय अडखळले, बोर्ड चुकीच्या पायासमोर आला आणि ती बाजूला झाली. टेबलाला हात न लावता पलीकडच्या मॅटवर जाऊन थांबली. न उडता थांबलं की एक गुण जातो. पुन्हा धावायला मिळतं, पण एकदाच.

समृद्धीचा हात गुडघ्याकडे गेला. ती मावशींच्या समोरून परत जाऊ लागली तेव्हा म्हणाली, अगदी हळू, "गेला मावशी. पाय परत गेला माझा."

गॅलरीत आनंद भोईर उठून उभे राहिले होते, जिन्याच्या दिशेला तोंड करून.

मावशींनी तिच्या पायांकडे पाहिलं. त्यांना वाटलं, खरंच गेला असेल. अठरा दिवस उसने मिळाले होते. मग ती रेघेवर जाऊन उभी राहिली आणि मावशींना टाका दिसला. तो तिच्या टाचांच्या मागे नव्हता. पुढे होता. मुलगी टाक्याच्या पलीकडे, दूर उभी होती. मावशींनी खाली पाहिलं. पांढरे बूट. एका पावलामागे अर्ध्या बोटाचा फरक. बाहत्तर पावलांत छत्तीस बोटं.

रोज मोजताना त्यांचं लक्ष कापडाकडे असायचं. आज पाठीकडे होतं.

त्या ओरडल्या. चौदा वर्षांत त्या हॉलमध्ये त्यांचा चढा आवाज कोणी ऐकला नव्हता. "समृद्धी! माप चुकलं माझं! अडीच पावलं पुढे ये!"

पंचांच्या टेबलावरून कोणीतरी मान वळवली. सुदेश सर पुटपुटले, "मावशी, काय करताय?"

"बूट मोठे आहेत, सर. मी बूट घालून मोजलं. तिचा पाय बरा आहे."

 समृद्धी मावशींच्या तोंडाकडे बघत राहिली, मग बुटांकडे. धावायची परवानगी देणारा दिवा हिरवा झाला होता. तिनं खाली वाकून काही मोजलं नाही. अडीच पावलं पुढे आली, टाका टाचांच्या मागे टाकला आणि धावली.

बोर्ड वाजला. हॉलमध्ये रोज ऐकू यायचा तसाच, कोरडा आणि एकदाच. ती हवेत फिरली आणि उतरली. उतरताना एक पाऊल मागे गेलं, तेवढंच.

निकाल दुपारी लागला. गेलेल्या एका गुणामुळे ती सहावी आली. पाचवीच्या आणि तिच्यामध्ये फक्त तीन दशांशांचं अंतर होतं.

मावशी पंचांच्या टेबलापाशी गेल्या. बूट काढून हातात घेतले होते. "साहेब, ती थांबली ती माझ्यामुळे. हे बघा, बूट मोठे आहेत. पोरीचा दोष नाही."

टेबलामागच्या गृहस्थांनी बुटांकडे आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते कठोर नव्हते. "बाई, धाव कुठून घ्यायची ही जबाबदारी खेळाडूची असते. गुण बदलता येत नाहीत."

"बदलू नका. पण लिहा कुठेतरी, की तिचा पाय बरा आहे."

"ते दुसऱ्या उडीत दिसलं सगळ्यांना," शेजारच्या पंच बाई म्हणाल्या.

मावशी हॉलमागच्या नळापाशी जाऊन बसल्या. बादली उपडी घालून तिच्यावर. मुलीसमोर कुठल्या तोंडानं जायचं, हे त्यांना कळत नव्हतं. बुटांतला कापूस काढून त्यांनी मुठीत धरला होता. समृद्धीच त्यांना शोधत आली. चेहरा रडून सुजलेला, पण डोळ्यांत वेगळंच काहीतरी होतं.

"मावशी, माझे पाय नव्हते चुकले."

"नव्हते गं. माझे चुकले."

"तसं नाही हो." ती समोर ओल्या फरशीवरच बसली. "मी दीड वर्ष समजत होते, ते मधेच थांबणं म्हणजे माझं आतलं काहीतरी तुटलंय. आज थांबले ते बोर्ड खरंच चुकीचा आला म्हणून. माझ्या पायाला कळलं मावशी. त्यानं बरोबर थांबवलं."

मावशींना हे सगळं समजलं असं नाही. त्यांना एवढंच दिसलं की मुलीचा हात गुडघ्यावर नाही.

"संघ हुकला ना पण."

"हो." तिचं तोंड पुन्हा वाकडं झालं. थोडा वेळ ती रडली आणि मावशींनी तिचं डोकं ट्रॅकसूटच्या निळ्या बाहीवर घेतलं. मग नाक पुसत ती म्हणाली, "राखीव म्हणून नेणार आहेत. बसायला. कोणाला काही झालं तर उतरवतील. तुम्ही येणार?"

"मला कोण नेतंय! कपडे आलेत तेच खूप झालं."

"मग माझं माप तिथे कोण घेणार?"

"टेप असते तिथे. चांगली, न तुटलेली."

समृद्धी उठून गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात काल आलेल्या कपड्यांच्या खोक्याचं झाकण आणि सरांची पेन्सिल होती. मागे ऐश्वर्या होती, आणि दारात, आत यावं की नाही अशा विचारात, आनंद भोईर.

"पाय ठेवा ह्याच्यावर. तुमचं पाऊल मी तिकडे घेऊन जाते, त्यानंच मोजेन."

"अगं घाण आहेत पाय."

"ठेवा हो मावशी," ऐश्वर्या म्हणाली, "आता मोठे बूट घालून परत गोंधळ नको."

मावशींनी उजवं पाऊल पुठ्ठ्यावर ठेवलं. समृद्धी खाली वाकली आणि टाचेपासून पेन्सिल फिरवू लागली. भेगांपाशी रेघ अडखळत होती. तळव्याच्या खळगीत पेन्सिल शिरली तसा मावशींनी पाय मागे घेतला.

"हलवू नका ना!"

"गुदगुल्या होतात गं!"

"बाबा, या इकडे, धरा त्यांचा घोटा. माप चुकेल पुन्हा."

आनंद भोईर आत आले, ओल्या फरशीवर उकिडवे बसले आणि संकोचत, दोन्ही हातांनी त्यांनी मावशींचा घोटा धरला. समृद्धीनं पेन्सिल पुन्हा टाचेला लावली आणि या वेळी सावकाश, काळ्या नखाच्या अंगठ्याला वळसा घालून, शेवटपर्यंत नेली.